साठ दिवस आणि एक खांड

पेणच्या खाडीकाठच्या गावात काळुराम म्हात्रे 'रणजी खेळून आला' असे आजही सांगतात. ते खरे नाही. राज्याच्या संभाव्य खेळाडूंच्या यादीत त्याचे नाव दोनदा होते. अंतिम संघात एकदाही नाही. रोह्याच्या क्लबच्या गुणवह्यांत मात्र या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचे चार हंगामांतले एकशे अठ्ठावन्न बळी शाबूत आहेत. सव्विसाव्या वर्षी तो डोलवीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे शिफ्ट करत होता, आणि निवडीच्या पत्राची वाट पाहणे त्याने सोडले होते.

त्याच क्लबचा जुना यष्टिरक्षक दिनानाथ मस्कतला एका कंपनीच्या गोदामात मुकादम होता. त्याने काळुरामला बोलावून घेतले. कंपनीचा संघ होता आणि ओमानकडून खेळण्याची वाट तिथूनच जात होती. अट सांगायला सोपी होती : सलग तीन वर्षे तिथे राहायचे, कोणत्याही वर्षी साठ दिवसांहून अधिक बाहेर काढायचे नाहीत. एकसष्टावा दिवस बाहेर उजाडला, की मोजणी पहिल्यापासून.

दोन वर्षे निभावली. तिसऱ्यात बहिणीच्या लग्नाला एकतीस दिवस गेले. उरले एकोणतीस. वर्ष संपायला दोन महिने असताना ज्येष्ठी अमावस्येच्या उधाणाने गावचा खाडीबांध फुटला.

अशा भगदाडाला इथे खांड म्हणतात. ती बांधायला घरटी एक माणूस उभा राहतो. ज्या घराचा माणूस नाही, त्याच्या शेताकडे पुढे गाव पाहत नाही. काळुरामच्या घरात उभा राहायला होता फक्त अडुसष्ट वर्षांचा, दम्याने वाकलेला बाप, शिवा.

सात जुलैला काळुराम उतरला. "एका भांगेचं काम हाय," असे तो दिनानाथला सांगून आला होता. भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराचे मंद भरतीचे दिवस. खांड बुजते ती तेव्हाच. लहानपणापासून पाहिलेली प्रत्येक खांड एका भांगेत बुजली होती, म्हणून हीही बुजेल असे त्याने धरले. चूक झाली ती एवढीच.

पौर्णिमेच्या उधाणाने नवा चिखल धुऊन नेला. दुसऱ्या भांगेत पुन्हा बांध घातला. अमावस्येला तोही गेला. तारीख होती एक ऑगस्ट. परतीचे तिकीट चार तारखेचे होते. तिसरी भांग आठला.

"पुंडलिककाका, माझ्या जागी मजूर उभा करतो," त्याने बांधावरच्या पुढाऱ्याला विनवले.

"मजूर पळतो रे भरती आली की. घरचा पळत नाय, कारण त्याचं शेत त्याच्या पाठीशी असतं," पुंडलिक म्हणाला. "तिकडं बॉल टाकतोस, इकडं चिखल टाक. हात तोच हाय ना?"

लोक हसले. काळुरामला हसता आले नाही.

फोनवर दिनानाथ चिडला होता. "काळ्या, पाच तारखेला इथं नसलास तर संपलं. पुन्हा तीन वर्षं काढलीस तरी बत्तिसाव्या वर्षी तुला घेणार कोण?"

चार तारखेला सकाळी त्याने खरेच बॅग भरली. दाराशी आई, गोदूबाई, म्हणाली, "जा रे बाबा. मी उभी ऱ्हाते खांडीत."

"गप ऱ्हा गो," शिवा म्हणाला. "मी हाय ना अजून!"

घमेले उचलून तो पुढच्या भांगेसाठी चिखल साठवायला बांधाकडे निघाला. काळुराम बॅग घेऊन मागोमाग गेला. पेणचा रस्ता बांधावरूनच होता. चाळीस पावलांवर शिवा खाली बसला. श्वास वर येईना. तरी हाताने तो मुलाला 'जा, जा' म्हणत होता.

काळुरामने बॅग चिखलात टाकली आणि घमेले उचलले.

आठ तारखेच्या भांगेत खांड बुजली, ती टिकली. त्याच्या पासपोर्टवर मुंबईहून निघाल्याचा शिक्का अकरा ऑगस्टचा आहे. ओमानच्या संघाच्या कोणत्याही यादीत त्याचे नाव नाही.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बापलेक शेताच्या कडेला उभे होते. महिनाभर खारे पाणी साचून लावणी काळी पडली होती.

"खार धुवून जायला तीन पावसाळे लागतील," शिवा म्हणाला. "तुझी पण तीनच वर्सं, कालू. बघता बघता जातील."

"जमिनीचं वय कोण मोजत नाय, बाबा," काळुराम म्हणाला, आणि डाव्या हाताच्या नखांतला चिखल काडीने कोरत राहिला.