धुण्याचा दगड

माझी लेक फ्रान्समधल्या एका लहानशा गावात राहते. तिथे ओढ्याकाठी, कौलारू छपराखाली, गावातल्या बायकांची धुणं धुण्याची जुनी जागा अजून जपून ठेवली आहे. आता तिथे कुणी धूत नाही. कडेने फुलांच्या कुंड्या आहेत. मी लेकीकडे गेले होते तेव्हा तिच्या शेजारीणबाईंनी आम्हाला तिथे नेलं आणि एका झिजलेल्या दगडावरून हात फिरवला. लेक म्हणाली, "आई, त्या सांगतायत, हा खळगा त्यांच्या आईच्या हातांचा."

मला आमच्या परसातला दगड आठवला. तो वीरगळ होता, गावासाठी लढून मेलेल्या कुणा घोडेस्वाराचा. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याला नाकडोळे होते. कोरीव बाजू वर करून मीच तो न्हाणीपाशी मांडून घेतला, कारण त्यावर कॉलरी स्वच्छ निघायच्या. चेहरा काही एका दिवसात जात नाही. रोज थोडाथोडा वाहून जातो, आणि आपल्याला वाटतं, फेसच गेला.

"तुमच्याकडेही असं जुनं काही असेल ना?" बाईंनी लेकीकरवी विचारलं.

"आहे की. घोडेस्वार आहे एक."

"दिसतो कसा?"

मी दोन्ही हात पदराखाली घेतले.