बांध उतरणारे तलाठी

रशीदभाई शेख यांची आणि माझी पहिली भेट वैजापूर तालुक्यातल्या एका चिखलाने भरलेल्या बांधावर झाली, आणि त्याच भेटीत त्यांनी मला चांगले खडसावले. मी नवा कृषी सहायक, ते मुरलेले तलाठी. आज ते पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. चार गोड शब्द लिहा, असे गौरवसमिती म्हणते. मला ते जमायचे नाही. त्यांची आठवण आली की मला आधी स्वतःचा आणि मग आपल्या कचेऱ्यांचा संताप येतो.

त्या वर्षी परतीच्या पावसाने आठवडाभर कांद्यात पाणी साचले होते. पंचनाम्यावर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक अशा तिघांच्या सह्या लागत. वरून निरोप होता : दोन दिवसांत उरका, हिरवे दिसेल तिथे ‘निरंक’ लिहा. निरंक म्हणजे नुकसान नाही, म्हणजे मदतही नाही. मी जीपमध्ये बसूनच अख्ख्या शिवाराला निरंक लिहिले आणि सह्या ठोकून मोकळा झालो. ग्रामसेवकांनीही केल्या.

रशीदभाईंनी मात्र पेन उघडले नाही. “सायब, बांधावरून पात दिसती, कांदा नाय दिसत. बूट काढा अन् उतरा खाली.”

पहिलेच शेत कौसाबाईंचे होते. नवरा वारलेला, रान एकटीने कसलेले. मदत आली तरच हरभरा पेरता येणार होता, नाहीतर रान पडीक. पात अगदी हिरवीगार होती. रशीदभाईंनी वाकून चारही कोपऱ्यांतले कांदे उपटले, तर हातात नुसता लगदा आला.

“तीन दिस झालं बोंबलून सांगतीय,” कौसाबाई माझ्यावर कडाडल्या, “तर म्हणं हिरवं हाय! न्या की मग घरी, करा भाजी!”

मला मान वर करवेना. रशीदभाईंनी मला शेतन् शेत फिरवले आणि पंचनामे नव्याने लिहायला लावले. त्यात चार दिवस गेले. कचेरीत साहेब भडकले, “उशीर कोणामुळे झाला?” मी रशीदभाईंच्या मागे सरकलो. रशीदभाई शांतपणे म्हणाले, “माझ्यामुळं.” सडक्या कांद्यांची पिशवी त्यांनी टेबलाशी ठेवली होती. त्या वासाने साहेबांनी मुकाट यादी पुढे पाठवली. कौसाबाईंचा हरभरा पेरला गेला.

आणि या माणसाला बक्षीस काय मिळाले? नोटीस, आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला बदली! सांगितला तसा निरंक लिहिणाऱ्या माझी मात्र वेळेवर बढती झाली. याला कारभार म्हणायचे?

आता पंचनाम्याचा फोटो मोबाईलवर काढतात, आणि तोही बांधावरूनच. गेल्या पावसाळ्यात रशीदभाई काठी टेकत गेले आणि फोटो काढणाऱ्यांना म्हणाले, “बाबांनो, आधी उपटून तर बघा.” गुडघे दुखतात, पण वाकायचे त्यांनी सोडलेले नाही.

रशीदभाई, तुमच्या गुडघ्यांना बळ मिळो, तुम्ही ठणठणीत राहून शंभरी गाठा. आणि इतकी वर्षे मी गिळून बसलेले हे वाक्य आज सगळ्यांसमक्ष वाचा : तो उशीर तुमच्यामुळे नव्हे, माझ्यामुळे झाला होता.