कॅमेरा किती उंचीवर बांधावा

तासगावच्या पूर्वेला द्राक्षबागा संपतात आणि माळ सुरू होतो, तिथं आमचं घर आहे. आप्पा, म्हणजे माझे वडील, बरीच वर्षं मेंढरांमागं फिरले. आता थोडी शेती करतात. घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच.

दुसऱ्या वर्षी प्राणिशास्त्राच्या प्रकल्पासाठी विषय सांगायचा होता. मी उभी राहून म्हणाले, आमच्या परसात साळिंदर येतं. सरांनी विचारलं, "तू पाहिलंस?" पाहिलं नव्हतं. वडील सकाळी मातीवरच्या खुणा बघून सांगतात, असं मी सांगितलं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "त्यांनाच ॲडमिशन द्या." सगळे हसले. सर हसले नाहीत. समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा एक कॅमेरा विभागात होता, तो त्यांनी मला आठ दिवसांसाठी दिला. "फोटो आला तर विषय तुझा. नाहीतर तळ्यातल्या गोगलगायी."

गोगलगायींबद्दल माझी तक्रार नव्हती. पण फोटो आला नाही तर भर वर्गात आप्पा खोटे ठरणार होते, आणि ते माझ्यामुळं.

कॅमेरा परसातल्या शेवग्याला बांधला. आमच्याकडे किमती वस्तू खाली ठेवत नाहीत. रेडिओ, घड्याळ, औषधं, सगळं उंच फळीवर असतं, कारण खाली शेळ्या असतात. म्हणून कॅमेरा माझ्या डोक्याएवढ्या उंचीवर गेला. आप्पांनी गाठ ओढून बघितली. "झ्याक झालं. शेरडं चाटणार न्हाईत."

रोज सकाळी मी कार्ड काढून मोबाईलवर बघायचे. आई झाडायला येताना. आई कॅमेऱ्याकडे बघताना. आई पदर नीट करून पुन्हा झाडायला येताना. मागच्या पायांवर उभी राहून शेवग्याचा पाला खाणारी शेळी. तिकडं आप्पा मातीकडे बघून म्हणायचे, "आलतं. हितनं गेलं, काटं घासत."

"फोटोत न्हाई, आप्पा."

"मग न्हाई आलं आसंल."

चौथ्या दिवसापासून त्यांनी सांगणंच बंद केलं. ते मला जास्त लागलं.

सहाव्या दिवशी दुपारी कॉलेजहून येऊन कार्ड बघितलं, तर आप्पांचे चार फोटो. पहिल्यात ते उभे. दुसऱ्यात वाकलेले. तिसऱ्यात अगदी खालच्या कडेला पांढरी टोपी आणि थोडी पाठ. चौथ्यात परत उभे, गुडघे झटकताना. तिसऱ्या आणि चौथ्या फोटोत सात मिनिटांचं अंतर होतं.

"आप्पा, ह्ये काय करत हुतासा?"

"रांगत हुतो."

"सात मिनिटं?"

"मग पोटावर गेलो. तवा तुझं यंत्र गप बसलं. साळिंदर त्याच्याखालनंच जातंय."

आई चुलीपासून म्हणाली, "मला वाटलं, म्हातारं पडलं. पळत आले, तर म्हनतंय, बाजूला हो, फोटूत येशील."

"उंच झालंय, ह्ये पयल्याच दिवशी का न्हाई सांगितलं?" मी आप्पांना विचारलं.

"कॉलेजचं हाय न्हवं. म्हटलं, तितल्या लोकास्नी ठावं आसंल."

तिथल्या लोकांना ठाऊक होतंच. कॅमेऱ्यासोबतच्या इंग्रजी कागदावर उंची लिहिलेली होती आणि मी ती वाचलीही होती. पण एवढी महाग वस्तू गुडघ्याजवळ बांधायची, ही मला छपाईची चूक वाटली होती. सरांना विचारायचा धीर झाला नव्हता.

शेळ्या पुढच्या अंगणात बांधल्या आणि कॅमेरा खाली घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईलवर साळिंदर होतं, काटे पसरलेलं, एका बाजूनं अख्खं. मी फोन पाठीमागं धरला आणि म्हणाले, "आप्पा, आधी तुमी सांगा."

ते उकिडवे बसले. माती बघायला त्यांना वेळ लागला.

"दोन हायती. मोटं फुडं, बारकं मागनं."

फोटो मी पुन्हा पुन्हा मोठा करून बघितला. एकच होतं.

प्रकल्पात मी लिहिलं: फोटोत एक, मातीवर दोन. पहिल्यासमोर पुराव्याच्या रकान्यात फोटोचा क्रमांक टाकला. दुसऱ्यासमोर काय लिहायचं ते कुठल्याच नमुन्यात दिलेलं नव्हतं, म्हणून तिथं आप्पांचं पूर्ण नाव लिहिलं.