माशांची न्हाणी

सोलापूरची थंडी ती केवढी! नवाला ऊन चढलं की स्वेटर काखेत येतो. पण आमच्या कचेरीतले मासेमारीचे शौकीन दर रविवारी हिमालयात निघाल्यासारखे तळ्यावर जात. कानटोप्या, हातमोजे, घडीच्या खुर्च्या. मासा एक, फोटो बारा. आज मी त्यांना हसतो. तेव्हा त्यांच्यातच होतो, आणि त्यांनी मला मानावं म्हणून एका घराची माती केली. हे बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

तळ्याकाठी एक म्हातारे भोई बसत. अंगावर विरलेली चादर, समोर चार तुराट्या पेटवलेल्या, हातात वेळूच्या काठीचा गळ. थंडीत आमच्या गळाला शेवाळ सोडून काही लागत नसे, यांची पाटी मात्र भरायची. मी एकटा दिसलो की ते शेकायला बोलवत. "या सायब. त्या टोपड्यात का ऊब ऱ्हातीय व्हय?"

एका सकाळी त्यांनीच सांगितलं. तळं व्हायच्या आधी तिथं त्यांच्या घराण्याची विहीर होती. ती पाण्याखाली गेली, पण झरे जिवंत राहिले. हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट, म्हणून मासे तिथं गोळा होतात. घरात त्या जागेला ते 'न्हाणी' म्हणत. "हे नाव मला, लेकीला आन् घरजावयाला ठावं. आता तुमाला. भाईर जाऊ देऊ नगा."

मी शब्द दिला. तो आठ दिवस टिकला. कचेरीत कुणीतरी माझ्या रिकाम्या पिशवीवर विनोद केला आणि मी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून टाकलं: वडासमोर, काठापासून वीस हात, नाव 'न्हाणी'. खाली अंगठेच अंगठे. माझ्या हेडक्लार्कच्या जन्मात तेवढं कौतुक पुन्हा झालेलं नाही.

पुढच्या रविवारी वडाखाली जत्रा. एकजण ओरडत होता, "अरे, न्हाणी नेमकी कुठाय?" पाटी घेऊन आलेले भोईबाबा तो शब्द ऐकून थबकले. सरळ माझ्याकडे आले.

"सायब, तुमी सांगितलं?"

"छे! मी कशाला सांगू?"

एवढंच. अडखळलोसुद्धा नाही. कचेरीत फाइल हरवली की हेच वाक्य म्हणतो, सराव दांडगा.

"मंग जावईच," ते म्हणाले.

जावयानं शपथ घेतली म्हणे. ऐकतंय कोण? "सासऱ्याच्या घरात खाऊन सासऱ्याचंच पोट मारलंस" हे चारचौघांत ऐकल्यावर घरजावई थांबेल कसा? बायकोला घेऊन तो बाहेर पडला, चिंचोळी एमआयडीसीत कामाला लागला. हे मला भोईबाबांनीच सांगितलं, शेकोटीपाशी जागा करून देत. मी हात शेकले. तीन हिवाळे शेकले. निर्लज्जाला ऊब लवकर लागते.

यंदा मार्गशीर्षात त्यांचा हात थरथरू लागला. कणकेची गोळी गळाला लावायला त्यांनी माझ्याकडे दिली. "लेक असती तर तिनं लावली असती," म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, ते मीच सांगितलं होतं."

त्यांनी माझ्या हातातली गोळी काढून घेतली.

"मंग हितं का सांगताय? मी का घर सोडून गेलो व्हय? ज्याला लागलं त्याला सांगा की जाऊन."

दुसऱ्या दिवशी ड्युटी सुटताना मी जावयाच्या कंपनीच्या गेटवर उभा राहिलो. त्यानं मला तळ्यावर पाहिलेलं, ओळखीचं हसला. मी पाल्हाळ लावून सगळं सांगितलं. "परिस्थितीच तशी होती," असंही मध्ये म्हणून घेतलं. मेली सवय, तिथंही सुटली नाही.

"मामांस्नी सांगितलं?"

"काल."

"काय म्हनले?"

"तुम्हाला सांगा म्हणाले."

त्यानं डब्याची पिशवी मोटारसायकलच्या हँडलला अडकवली.

"म्हंजी खरं कळल्यावर बी सोता न्हाय आले. तुमालाच धाडलं." किक मारली, गाडी थोडी पुढं घेतली, मग वळून म्हणाला, "मामांस्नी सांगा, लेक पायजे तर न्यायला सोता या म्हनावं. आन् सायब, ह्यो निरोप तरी जसाच्या तसा पोचवा."