ताट संपल्यावरचं मत

कोवळ्या मक्याचा कीस दुधात शिजायला लागला, की त्या गोडसर वासाबरोबर मला देवासच्या घरातली एक संध्याकाळ आठवते. माझी कॉलेजातली मुलगी तेव्हा नव्या व्हिडिओ गेमवर हिंदीतून मत सांगणारे व्हिडिओ करायची. सगळे ज्या गेमची वाट पाहत होते, तोच तिने "दिखने में सुंदर, खेलने में बोर" म्हणून मोडीत काढला होता. खाली लोकांनी लिहिलं, "दीदी, आप रसोई के वीडियो बनाओ." रडवेली होऊन ती तो व्हिडिओ काढून टाकायला निघाली होती. मी पानं वाढली. ताट संपेपर्यंत जेवणाला नावं ठेवायची नाहीत, हा माझ्या सासऱ्यांचा नियम. जेवता जेवता त्यांनी तिला विचारलं, "तू तो खेळ पूर्ण खेळलीस का गं?" "हो आजोबा, शेवटपर्यंत." "आणि हे लिहिणारे?" "निम्म्यांनी तर अजून घेतलाही नाही." "मग तुझं मत राहू दे जागेवर." एवढं बोलून त्यांनी शांतपणे ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, किसात मीठ कमी होतं हो." पोरगी खो खो हसत सुटली. व्हिडिओ तसाच राहिला. आता ती इंदूरला नोकरी करते, तरी तिचा प्रत्येक व्हिडिओ "पूरा खेल के बोल रही हूँ" इथूनच सुरू होतो. मी मात्र अजून कीस उतरवण्याआधी मीठ दोनदा चाखते.