बाबांच्या पहिल्या बेस गिटारच्या मागावर: खामगाव, धाड, धामणगाव बढे

"पह्यला सापडला तरी मले दाखवू नको. त्या पोराचं पुढं काय झालं, तेवढं सांग," बाबा म्हणाले, आणि मी शाळेत तीन दिवसांची रजा टाकली.

बाबा खामगावचे सुतार. आता ब्याऐंशीचे आहेत, माझ्याकडे अकोल्याला असतात. सत्तरच्या दशकात आपल्याकडे गावोगावी ऑर्केस्ट्रा पार्ट्या निघाल्या, तेव्हा त्यांनी सहा इलेक्ट्रिक बेस बनवले. चार जाड तारा, अंग सागवानाचं. माझा भाऊ म्हणतो, बाबांनी जन्मभर पलंगच केले. त्याचं तोंड बंद करायचं, हा माझा स्वार्थ. बाबांचं दुखणं निराळं होतं. नमुन्याचा विलायती बेस त्यांना लांबूनच दाखवला होता. त्याच्या मानेवरच्या पितळी पट्ट्या खाली येताना जवळजवळ होत जातात. बाबांनी शिडीच्या पायऱ्या ठोकाव्या तशा सगळ्या सारख्या अंतरावर ठोकल्या. तो बेस धाडच्या एका पोरानं नेला. वाद्य बेसूर निघालं म्हणून पार्टीनं त्याला काढलं, असं पुढे कानावर आलं. नंतरचे पाच बाबांनी नीट मापानं केले, पण त्या पोराची चौकशी करायची हिंमत त्यांना पन्नास वर्षं झाली नाही. म्हणून मीच निघाले.

पहिला दिवस खामगाव. अकोल्याहून एसटी भरपूर आहेत आणि बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडी काढायच्या फंदात पडू नका. बाजारातल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात रशीदचाचा भेटले. बेसच्या तारांखालची गुंडाळी त्यांनी त्या काळी मोटारीच्याच तारेनं भरून दिली होती. भाऊ ऐकायला हवा होता.

"दोन नग धाड गावाले गेले," चाचा म्हणाले. "पण पह्यला कोणता, हे मले नाही सांगता येत. पट्ट्यांतलं अंतर मोजा, समजून जाईल."

कचोरी आणि कट चहा घेऊन मी दुपारची बुलढाणा गाडी पकडली. बोथ्याच्या जंगलातून रस्ता जातो. वळणं फार आहेत, पोट नाजूक असेल तर कचोरी नंतर खा. मी आधी खाल्ली, माझी अक्कल.

बुलढाण्याला मुक्काम करून सकाळी जीपनं धाड. बाजाराचा दिवस, भेंडी-मिरच्यांच्या ढिगांतून वाट काढत, विचारत विचारत एका बँडवाल्याच्या घरी पोचले. खाटेखालून त्यानं बेस ओढून काढला. बाबांचं काम मी लगेच ओळखलं, कडा घासायची त्यांची पद्धत आमच्या देव्हाऱ्यालाही आहे. मी मापाचा टेप लावला.

"काऊन मोजून राह्यल्या ताई? सदरा शिवाचा हाय का त्याले?"

पट्ट्या खाली जवळजवळ होत होत्या. म्हणजे हा नंतरचा. चरफडले, पण फोटो काढले, भावाला पाठवले. त्याचा अंगठा आला फक्त. बँडवाला म्हणाला, पहिला पाहिजे तर तो नेणाऱ्या प्रल्हादभाऊंना गाठा, ते केव्हाचे सासुरवाडीला धामणगाव बढ्याला जाऊन राहिले. त्यानं नंबर शोधून दिला.

तिसऱ्या दिवशी बुलढाणा, मोताळा आणि तिथून धामणगाव. मोताळ्याला गाडीसाठी दीड तास बसावं लागलं. लोक म्हणत होते, उद्या जा. मी म्हटलं, आजच.

प्रल्हादभाऊ सत्तरीचे, शेतात कपाशीची वेचणी चालू. बायकोनं आधी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा पुढ्यात ठेवला, मग विचारलं कुठून आलात. बेस भिंतीला टांगलेला होता. त्याच्या मानेवर एकही पट्टी नव्हती. पट्ट्यांच्या जागी लाखेनं बुजवलेल्या खाचा होत्या. मोजल्या. वरपासून खालपर्यंत दीड इंच, दीड इंच, दीड इंच. म्हणजे हाच पहिला.

मी सरळ विचारलं, "याच्यामुळं तुम्हाला काढलं होतं का?"

"काढलं ना. पह्यल्याच प्रोग्रामले. लोकायसमोर." ते हसले. "घरी आलो, पकडीनं साऱ्या पट्ट्या उपटल्या. मंग बोट कुठी ठेवाचं, ते कानानंच शोधा लागे. चार महिने गोठ्यात बसून शोधलं. दुसऱ्या पार्टीनं घेतलं, तिथं तीस वर्षं वाजवलं. आता भजनात वाजवतो."

त्यांनी भजनी मंडळाच्या स्पीकरला वायर जोडली आणि वाजवून दाखवलं. एका सुरावरून दुसऱ्यावर बोट घसरत जायचं, मध्ये कुठे धक्का नाही. मी मोबाइलवर सगळं घेतलं. विकत मागायचं मनात होतं, तोंडातून निघालं नाही.

परतीला मलकापूरहून रेल्वे बरी. दारात पाय ठेवला तसं बाबांनी विचारलं, "काढलं होतं का त्याले?"

गाडीत चार वेळा ठरवलं होतं की खोटं बोलायचं. नाही जमलं. "हो बाबा. पहिल्याच कार्यक्रमात."

ते खाली मान घालून बसले. मी बाकीचं सांगितलं, व्हिडिओ लावला. तीनदा पाहिला. मग म्हणाले, फोन लाव.

"प्रल्हाद, मी खामगावचा सुतार. पट्ट्या म्या चुकीच्या ठोकल्या होत्या."

"मले मालूम हाय दादा," तिकडून आवाज आला. "बरं झालं फोन केला. गिटारची मान वाकली आता. इथले सुतार म्हणतात, द्या, करून देतो. म्या कोणाले हात लावू नाही देल्ला. म्हटलं, ज्यानं बनवली त्यानंच करावं."

या प्रवासातून मी काय आणलं म्हणाल तर एक व्हिडिओ आणि भावाचा अंगठा. बाबांनी फोन माझ्या हातात दिला, डोळे पुसले आणि म्हणाले, "त्याले विचार, रविवारी घरी हाय का."