बरणीत घातलेली भर

विकायची बरणी रिकामी दिसू नये, एवढाच माझा हेतू होता. बायको सकाळीच फुलंब्रीला दूधवाल्याकडं गेली होती आणि गारखेड्यातल्या आमच्या घराची पुढची खोली, म्हणजे तिचं तुपाचं दुकान, माझ्या ताब्यात होतं. बरणीतलं तूप तळाला गेलेलं. मी स्वयंपाकघरात शोधाशोध केली. ओट्याखाली एक स्टीलचा डबा सापडला, झाकण काढलं तर आत तूपच. जरा कोमट केलं आणि ओतलं बरणीत. बरणी काठोकाठ भरली. स्वतःवर इतका खूश झालो की चहासुद्धा स्वतःच करून घेतला.

दिवाळी नुकतीच झाली होती. ज्या घरात अनारसे तुपात तळतात, तिथं दिवाळीनंतर ओट्याखालच्या डब्यात काय असतं हे घरातल्या मांजरालाही माहीत असतं. आमच्याकडं मांजर नाही.

तासाभरात मागच्या गल्लीतल्या दोघी येऊन तूप घेऊन गेल्या. एकीनं विचारलं, "आज रंग जरा गडद दिसतोय का?" मी म्हणालो, "खरपूस कढवलंय, वहिनी." तिचं समाधान झालं, माझं तर आधीच झालेलं होतं.

मग एक बाई आल्या. खांद्याला बॅग, मागं एक माणूस खोकं घेऊन उभा. तूप बघायचंय म्हणाल्या. मी लगेच सुरू केलं: दूध कुठलं, विरजण कसं, लोणी कधी काढतो. 'काढतो' म्हणताना मी स्वतःलाही त्यात धरलं होतं. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि ओळखपत्र पुढं केलं. अन्न सुरक्षा अधिकारी. तपासणीसाठी नमुना घ्यायचा होता.

"बसा ना मॅडम, चहा टाकतो."

"चहा नको. दुकान तुमच्या नावावर आहे?"

"मिसेसच्या. मी आपला मदतीला."

बायकोच्या नोंदणीचा कागद भिंतीवर होता, तो त्यांनी वाचला. आपली कोरडी, स्वच्छ पळी काढली आणि बरणीतलं तूप तळापासून वरपर्यंत नीट ढवळलं. पळी वर आली तर तिला चार-पाच बारीक पांढरे दाणे चिकटलेले.

"हे काय?"

"रवा, मॅडम. अस्सल तूप असंच रवाळ असतं."

त्यांनी पळी तशीच बाजूला ठेवली. मला वाटलं, प्रभाव पडला.

साक्षीदार लागतो म्हणून मी शेजारच्या टेलरमामूंना हाक मारली. मामू गळ्यात टेप घेऊनच आले. "दस्तखत करतूं भाऊ, लेकिन पैले बोलो, अंदर-वंदर जाना तो नक्को ना?" मॅडम पहिल्यांदाच हसल्या. नमुन्याचे पैसे त्यांनी पुढं केले, मी हात जोडून म्हणालो, "राहू द्या हो, तुम्ही आमच्या पाहुण्या." त्यावर त्यांचं हसू गेलं. "नमुना विकतच घ्यावा लागतो. पैसे घ्या आणि पोचपावतीवर सही करा." मी घेतले, सही केली.

तुपाचे सारखे चार भाग चार बाटल्यांत गेले. झाकणं घट्ट झाली, चिठ्ठ्या लागल्या, जाड कागद गुंडाळला, दोरा बांधला. मेणबत्तीवर लाख तापायला लागली आणि त्याच वेळी दारात रिक्षा थांबली. बायको आली.

आमच्याकडं कसली पाटी नाही, जाहिरात नाही. दोन शेजारणींपासून सुरू झालेलं हे तूप आता सिडकोतून लोक न्यायला येतात, ते फक्त तिच्या नावावर. नमुना नापास झाला तर ते नाव जाणार, हे तिला दारातच कळलं असणार. पण तिनं अधिकाऱ्यांकडं पाहिलंच नाही. आधी बरणीकडं पाहिलं, मग जवळ जाऊन वास घेतला, मग माझ्याकडं वळली.

"अहो, ही बरणी कोणी भरली?"

"मीच."

"कशातनं?"

मी ओट्याच्या दिशेनं बोट दाखवलं. तिनं पळीवरचा एक दाणा बोटावर घेतला. "मॅडम, ही खसखस आहे. अनारशाची. ह्यांनी तळणीचं तूप ओतलंय ह्याच्यात."

मामू हळूच म्हणाले, "या अल्ला." मी रवाळपणाबद्दल जे बोललो होतो ते मॅडमनी तिला सांगितलं नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

"वहिनी, हे विकायला ठेवलेलं होतं ना? मग नमुना ह्याचाच जाणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणता ते लिहून घेते."

"घ्या लिहून. खरं तेच आहे." ती लाखेचे चारही शिक्के पडेपर्यंत तिथंच उभी राहिली.

मॅडम गेल्यावर मला वाटलं, आता आपली सुनावणी. तिनं विचारलं एवढंच: "कोणाकोणाला दिलं?"

बरणीतलं राहिलेलं तूप तिनं दिव्यासाठी काढून ठेवलं. संध्याकाळी ताजं लोणी कढवलं आणि आम्ही मागच्या गल्लीत गेलो. ती पुढं, मी पिशवी धरून मागं. तिनं दोन्ही दारांत एकच वाक्य सांगितलं: "आमच्या ह्यांनी तळणीचं घातलं, हे घ्या चांगलं." दुसऱ्या दारातली म्हणाली, "राहू दे की गं, वरणावर काय कळतंय?" बायकोनं तरीही तिची बरणी बदलून दिली. दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरंसोरं मला 'अनारसे काका' म्हणायला लागली, ते अजून म्हणतात.

मग आम्ही रिपोर्टची वाट बघायला लागलो. ती तूप करत होती, विकत होती, पण पोस्टमन दिसला की हातातलं काम थांबायचं. मी मनातल्या मनात नापास झाल्यानंतरची भाषणं तयार करत होतो. सगळ्यांत दोष माझा होता आणि शेवटी ती मला माफ करत होती.

रिपोर्ट आला. नमुना मानकांप्रमाणे. मी तो उभ्यानं वाचला, मग बसून वाचला, मग स्वयंपाकघरात जाऊन मोठ्यानं वाचला. म्हणालो, "बघ! माझी भर घालूनसुद्धा पास! नोंदणीच्या शेजारी फ्रेम करून लावू."

ती चुलीवरच्या पातेल्यातलं लोणी हलवत होती. बेरी तपकिरी व्हायला लागली होती, त्यामुळं मान वर केली नाही.

"त्यांच्या परीक्षेत पास झालं असंल, माझ्या नाय झालं. आन् तो कागद लावू नका भिंतीला. उद्या कोणी म्हणालं, हे पास झालेलंच तूप द्या, तर काय देऊ मी?"